करडईचे वाळवंटी गोत

सोलापूर, लातूर, परभणीकडच्या काळ्या रानात पौष महिन्याच्या सुमारास ज्वारी निसवू लागली, की शेताच्या कडेकडेने एक पिवळी रेघ उमटते. ती रेघ करडईची. ज्वारीच्या, गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या पिकाभोवती करडईचे दोन-चार तास पेरावयाचे, म्हणजे मोकाट ढोरे आत शिरत नाहीत, ही रीत या भागात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. कुंपणही होते आणि घाण्याला बीही मिळते. कोवळेपणी तिची भाजी करतात. पुढे ती ताठर होते, पानांच्या कडांना आणि बोंडांखालच्या पर्णकांना सुईसारखे काटे येतात, आणि मग तिच्याजवळ सहसा कोणी जात नाही. काढणी करावयाची ती पहाटे, दव असताना, हातापायांना फडकी गुंडाळून. ऊन चढले की काटे कडक होतात आणि गड्यांचे हात सोलून निघतात. करडई काढावयाची म्हटले की मजूर दोन पैसे अधिक मागतात, आणि त्यात वावगे काही नाही.

या काटेरी पिकाला एक रानटी गोत आहे, आणि ते गोत वाळवंटातले आहे. राजस्थान आणि पंजाबपासून पश्चिमेकडे पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण आणि थेट इराकपर्यंतच्या कोरड्या मुलखात एक पिवळ्या फुलांचे झुडूप आपोआप उगवते. वनस्पतिशास्त्रात त्याला ‘कार्थॅमस ऑक्सिअकँथा’ म्हणतात. पंजाबी शेतकरी त्याला पोहली म्हणतो आणि गव्हाच्या शेतात दिसले की शिव्या देत उपटून टाकतो. ‘ऑक्सिअकँथा’ या ग्रीक मूळच्या शब्दाचा अर्थच मुळी ‘तीक्ष्ण काट्याचे’ असा आहे. ज्या झुडपाला पंजाबात कोणी बांधावरही उभे राहू देत नाही, त्याचा पाहुणचार हैदराबादच्या एका सरकारी संशोधन संस्थेत मोठ्या अगत्याने होतो. तो का होतो, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या कुळाची थोडी ओळख. करडई ही सूर्यफुलाच्या कुळातली. शेवंती, झेंडू, कारळा ही सारी त्याच घरची मंडळी. या कुळात आपण ज्याला फूल म्हणतो ते वस्तुतः एक फूल नसते. ती लहान लहान फुलांची भरगच्च सभा असते. झेंडूचे एक फूल चुरगाळले की हाताला लागतात ती त्या सभेतली सभासद मंडळी. करडईचे बोंड उकलून पाहिले तर त्यात नळीसारखी कितीतरी बारीक फुले शेजारी शेजारी उभी दिसतात, आणि प्रत्येकाच्या तळाशी एक एक दाणा धरतो. सूर्यफुलाला बाहेरच्या कडेला जशी रुंद पिवळी जिभांसारखी फुले असतात, तशी करडईला नसतात. तिची सगळीच फुले नळीची. म्हणून तिचे बोंड फुलले की एखाद्या ब्रशासारखे दिसते.

पोहलीचे बोंडही असेच, परंतु लहान. फुलाचा रंग पिवळाधमक. शेतातल्या करडईची फुले पिवळी उमलून पुढे नारिंगी किंवा तांबडी होतात, काही वाणांत आरंभापासूनच तांबडी किंवा पांढरी असतात. पोहली मात्र आपला पिवळा रंग सोडत नाही. बी बारीक आणि गडद रंगाचे. पिकल्यावर ते बोंडात टिकत नाही, गळून मातीत मिसळते, आणि सगळेच बी पहिल्या पावसाला उगवतही नाही. काही उगवते, काही पुढल्या सालाची वाट पाहत पडून राहते. ज्या मुलखात एखादे वर्ष पाऊस येतो आणि दोन वर्षे येत नाही, तेथे सगळे भांडवल एकाच हंगामाला लावणे शहाणपणाचे नाही, हे या झुडपाला माणसाच्या कितीतरी आधी उमगले असावे.

वाळवंटात तगण्याची त्याची दुसरी युक्ती जमिनीखाली असते. उगवल्यानंतर बरेच दिवस हे रोप वर वाढतच नाही. पानांचा एक चक्राकार पसारा भुईला चिकटून राहतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की रोप खुरटले. प्रत्यक्षात त्या अवधीत मुळी खाली उतरत असते. करडईनेही हा गुण जसाच्या तसा उचलला आहे. तिचे सोटमूळ खोल भारी जमिनीत दोन-अडीच मीटरपर्यंत जाते. पाऊस संपल्यावर आश्विनात पेरलेले पीक पुढे एक थेंबही न पडता नुसत्या मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर माघ-फाल्गुनापर्यंत उभे राहते, त्याचे रहस्य या मुळीत आहे. ज्वारीची मुळे जेथे थांबतात त्याच्या खालची ओल करडई खेचून आणते. मराठवाड्यातल्या दुष्काळी वर्षांत ज्वारीची ताटे वाळून गेली आणि करडईने मात्र घाण्यापुरते बी दिले, असे अनुभव जुने शेतकरी सांगतात, त्याचे कारण हेच.

ज्यांनी पोहलीचा निव्वळ द्वेष केला नाही असेही लोक होऊन गेले. वायव्य सरहद्दीकडे पेशावरच्या परिसरात पोहलीच्या बियांचे तेल काढून ते तासन् तास कढवीत, आणि मग थंड पाण्यात ओतीत. तेलाचा चिकट, रबरासारखा घट्ट गोळा होई. त्याला रोगण म्हणत. सळईच्या टोकाने या रोगणाचा तंतू ओढून कापडावर वेलबुट्टी काढावयाची आणि तीवर रंगाची किंवा अभ्रकाची पूड टाकावयाची, अशी एक कला तेथे नांदत होती. इंग्रजांच्या कागदपत्रांत तिला ‘अफ्रिदी मेणकाम’ असे नाव आहे. करडईच्या तेलाचे रोगणही असेच करीत, आणि पाण्यात सतत भिजणारे कातडे कुजू नये म्हणून ते त्याला चोळीत. विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना या उपयोगाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

तथापि, पोहली ही करडईची आई नव्हे. फार तर मावशी म्हणावी. करडईची आई कोण, याचा शोध घेण्यात शास्त्रज्ञांची बरीच वर्षे गेली. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय व्हाविलॉव यांनी पिकांच्या मूळस्थानांचा जो विचार मांडला, त्यात करडईच्या संदर्भात हिंदुस्थान, अफगाणिस्तान आणि इथिओपिया यांची नावे येतात. कारण या तीन ठिकाणी पिकात विविधता फार आढळली. परंतु विविधता जेथे अधिक तेथेच जन्म, असे प्रत्येक पिकाबाबत ठरत नाही. पुढे कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील पॉल्डेन नोल्स यांनी १९५८ साली आणि त्यानंतरही मध्यपूर्वेपासून हिंदुस्थानापर्यंत दूरवर प्रवास करून करडई व तिचे रानटी आप्त यांचे बी गोळा केले. त्यांनी आणि अम्राम अश्री यांनी १९६० साली या आप्तांच्या परस्पर संकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोहली, करडई आणि पॅलेस्टाइनकडच्या वाळवंटात उगवणारी ‘कार्थॅमस पॅलेस्टिनस’ या तिघींत गुणसूत्रांच्या बारा बारा जोड्या आहेत, आणि त्यांचा परस्पर संकर केला तर होणारी संतती खेचरासारखी वांझ निघत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. २००७ साली मार्क चॅपमन आणि जॉन बर्क या दोघा शास्त्रज्ञांनी या जातींच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून पॅलेस्टाइनकडच्या वाळवंटी जातीच्या बाजूने कौल दिला. तेव्हा करडईचे माहेर पश्चिम इराकपासून दक्षिण इस्राएलपर्यंतच्या रेताड पट्ट्यात, असे आता मानले जाते.

त्या माहेराहून ती निघाली ती तेलासाठी नव्हे, रंगासाठी, असे मानण्यास जागा आहे. ‘कार्थॅमस’ हे नाव ज्या सेमिटिक शब्दावरून आले त्याचा संबंध रंगविण्याशी जोडतात, आणि लिनियसने १७५३ साली पिकाच्या जातीला दिलेले ‘टिंक्टोरियस’ हे विशेषणही रंगाऱ्याचेच आहे. सिरियातील उत्खननांत इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातील करडईचे दाणे मिळाले आहेत. इजिप्तमधील राजांच्या थडग्यांत तिच्या फुलांच्या माळा आढळल्या. आपल्याकडे ती संस्कृतात कुसुंभ झाली, आणि मराठीत तिच्यावरून कुसुंबी रंग आला. फुलाच्या पाकळ्यांत दोन रंगद्रव्ये असतात. पिवळे पाण्यात विरघळते, तांबडे विरघळत नाही. म्हणून रंगारी पाकळ्या पुष्कळ पाण्यात धुऊन पिवळा रंग काढून टाकीत, मग सज्जीखारासारख्या खाराच्या पाण्यात तांबडा रंग उतरवीत, आणि शेवटी लिंबाचा रस किंवा दुसरे काही आंबट घालून तो कापडावर बसवीत. सणासुदीचे शेले आणि लुगडी या रंगाने उजळत. रंग सुरेख, पण उन्हात आणि साबणात टिकाव धरीत नसे. कुसुंबी रंग क्षणभंगुर अशी त्याची ख्यातीच झाली होती. इंग्लंडात सरकारी कागदांचे गठ्ठे बांधण्याची जी तांबूस फीत असे, तीही करडईच्या फुलांच्या रंगात रंगवीत. लाल फितीच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी तिचा एक धागा आपल्याच शेतांपर्यंत येऊन पोचतो हे ध्यानात ठेवलेले बरे! १८५६ नंतर कृत्रिम रंग निघाले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हा फुलांचा व्यापार बसला.

मग उरले ते तेल. त्याची कथा मौजेची आहे. चरकसंहितेत वनस्पतिज स्नेहांपैकी करडईचा स्नेह सर्वांत अहितकर म्हणून गणला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र तेच तेल हृदयाला हितकर म्हणून शहरांत नावाजले गेले, कारण त्यात लिनोलेइक नावाचे स्निग्धाम्ल सुमारे पाऊणपट असते. चरकाचे चुकले की डॉक्टरांचे, असा वाद घालण्यात अर्थ नाही; दोघांची मोजमापे निराळी. परंतु लिनोलेइक अधिक असलेले तेल तापविले की लवकर बिघडते, ही गोष्ट खरी. १९५७ साली असे लक्षात आले, की करडईच्या काही बियांत लिनोलेइकऐवजी ओलेइक हे ऑलिव्हच्या तेलातले स्निग्धाम्ल भरपूर आहे. ते बी हिंदुस्थानातून गेलेले होते. नोल्स यांनी त्यावर काम करून १९६६ साली कॅलिफोर्नियात ‘यूसी-१’ हा वाण काढला. येथले बी तेथे गेले, तेथे त्याचे सोने झाले, आणि येथे त्याची कोणाला खबर नव्हती. अधिक ओलेइकचे वाण हैदराबादच्या संस्थेने सिद्ध करावयास पुढे कित्येक वर्षे लागली.

ही हैदराबादची संस्था कोणती? अखिल भारतीय समन्वित तेलबिया संशोधन प्रकल्प १९६७ साली सुरू झाला. त्यातून १९७७ साली हैदराबादेत राजेंद्रनगर येथे तेलबिया संशोधन संचालनालय स्थापन झाले. आज ते भारतीय तेलबिया संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. एरंड, सूर्यफूल, करडई, जवस, तीळ, कारळा ही तिच्या कामाची पिके. मराठी वाचकांना हे ठिकाण परके वाटण्याचे कारण नाही. १९५६ सालच्या नोव्हेंबरपर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यात होते, आणि परभणीच्या ज्या प्रयोगक्षेत्राच्या भूमीवर १९७२ साली कृषी विद्यापीठ उभे राहिले त्याचा पाया निजामी अमदानीतला आहे. करडईच्या दृष्टीने पाहिले तर ही राजकीय सीमा आजही फारशी खरी नाही. परभणी आणि सोलापूर, कर्नाटकातील अण्णिगेरी, तेलंगणातील तांडूर ही सारी एकाच काळ्या मातीच्या पट्ट्यातली संशोधन केंद्रे. तेलुगूत तिला कुसुम म्हणतात, कन्नडात कुसुबे. शब्द एकच, उच्चार निराळे.

या संस्थेपुढचा प्रश्न असा होता. करडईचे उत्पन्न एका मर्यादेपुढे हलत नव्हते. ज्वारी-बाजरीत संकरित बियाण्याने उत्पन्न वाढले, मग करडईत का वाढू नये? अडचण फुलाच्या रचनेत आहे. करडईच्या प्रत्येक लहान फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात. परागकोशांची मिळून एक नळी बनते आणि तिच्या आतून कुक्षिवृंत वर सरकतो. सरकता सरकता आपल्याच फुलाचे पराग अंगाला माखून घेतो. मधमाश्या थोडाफार परपराग आणतात, परंतु बहुतेक दाणा आपल्याच परागाने धरतो. दोन वेगळ्या वाणांचे लग्न लावावयाचे, तर एका वाणाच्या फुलांतील पराग निकामी करावयास हवा. एकेका बोंडातील इवल्या फुलांचे परागकोश चिमट्याने काढणे प्रयोगशाळेत शक्य आहे. एकरभर शेतात नाही.

निसर्गतःच पराग न देणारी काही रोपे सापडली, आणि त्यांच्या साहाय्याने १९९७ साली जगातील पहिले संकरित करडईचे वाण भारतात प्रसृत झाले. हैदराबादचा ‘डीएसएच-१२९’ हा त्यांतला. पण यात एक मेख होती. त्या प्रकारच्या नरवंध्यत्वाचे बीज केंद्रकात असल्यामुळे मादी म्हणून पेरलेल्या ओळींतली निम्मी रोपे पराग देणारीच निघत. फुलोरा येऊ लागला की माणसांनी त्या काटेरी रानात शिरावयाचे, एक एक बोंड पाहावयाचे, पराग देणारे रोप ओळखावयाचे आणि ते पसरण्याच्या आत उपटावयाचे. एक दिवस उशीर झाला की सगळी मेहनत वाया. असे बियाणे महाग पडते, आणि करडई पेरणारा शेतकरी हा बहुधा महाग बियाणे घेणारा शेतकरी नव्हे.

येथे पोहली उपयोगी पडली. बीजांडातून येणारे पेशीद्रव्य हे आईकडून येते. पित्याचा वाटा केंद्रकापुरता. जर आईचे पेशीद्रव्य एका जातीचे आणि केंद्रक हळूहळू दुसऱ्या जातीचे करीत नेले, तर कधी कधी त्या दोघांचे जुळत नाही, आणि त्या बेबनावाचा पहिला परिणाम परागावर होतो. झाड धडधाकट वाढते, फुलते, बीही धरते. फक्त त्याला स्वतःचा पराग नसतो. हैदराबादच्या संस्थेतील शास्त्रज्ञ के. अंजनी यांनी पोहली आणि करडई यांचा संकर करून, त्या संततीचा पुनःपुन्हा करडईशी संबंध जोडून, असे पेशीद्रव्यातून येणारे नरवंध्यत्व करडईत आणले. २००५ साली ते प्रसिद्ध झाले. आता मादीच्या ओळीतले प्रत्येक रोप नरवंध्य निघू शकते. निम्मी रोपे उपटण्याचा जाच नाही. दिसावयास ही रोपे करडईचीच असतात. दाणा करडईचा, बोंड करडईचे. आत मात्र वाळवंटातल्या त्या उपटून टाकलेल्या झुडपाचे पेशीद्रव्य वाहत असते. शेतकऱ्याने शत्रू म्हणून ज्याचा नायनाट करावयाचा, त्याच्याच पोटातून पिकाची नवी पिढी यावयाची, हा योग विलक्षण खरा.

रानटी आप्तांकडून आणखीही पुष्कळ मिळण्यासारखे आहे. करडईचे दोन मोठे वैरी. एक मावा, ढगाळ हवा पडली की काळ्या माव्याचे थर शेंड्यांवर बसतात आणि चार-आठ दिवसांत झाड चिकटून, काळवंडून जाते. दुसरा मर रोग. मातीतली बुरशी मुळावाटे शिरते आणि उभे झाड एका अंगाने सुकत जाते. हजारो वर्षे कोणी फवारणी करावयास नसताना वाळवंटातली झुडपे ज्या बळावर जगली, त्यातले काही या दोहोंशी झुंजण्याच्या कामी येईल, या आशेने रानटी जातींची पारख चालू असते. हे काम वेळखाऊ आहे. चांगला गुण उचलावयास जावे तर त्याच्याबरोबर बारीक दाणा, गळणारे बोंड, अधिकच अणकुचीदार काटे हेही येतात. हवा तो गुण ठेवून नको ते झटकून टाकावयास पिढ्यामागून पिढ्या लागतात, आणि वर्षाला पीक एकच. शास्त्रज्ञाच्या उमेदीच्या काळात असे हंगाम किती येणार, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आणि हे सर्व चालू असता पीकच नाहीसे होऊ लागले आहे, ही या कथेतली खरी टोचणी. १९९०च्या दशकाच्या आरंभी देशात करडईखाली सुमारे सात लाख हेक्टर जमीन होती. गेल्या काही वर्षांत हा आकडा एक लाखाच्याही खाली गेला आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही तिची दोन मुख्य राज्ये; घसरणही तेथलीच. कारणे अनेक आहेत. पूर्वी मराठवाड्यात खरिपात रान पड ठेवून रब्बीला ज्वारी-करडई घेत. सोयाबीन आल्यावर खरीप रिकामा राहिना, आणि सोयाबीननंतर हरभरा सोयीचा पडू लागला. कालवे आणि विहिरी झाल्या तेथे ऊस गेला. करडईला भाव मिळेना, कारण परदेशातून येणारे पामतेल स्वस्त. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणावे लागते, आणि त्याच वेळी एका पाण्याशिवाय तेल देणारे पीक बांधावरूनसुद्धा हटते आहे. या विसंगतीकडे अर्थशास्त्रज्ञांनी जितके लक्ष द्यावे तितके दिलेले दिसत नाही.

पण कारणांत काट्याचा वाटा लोक मानतात त्याहून मोठा आहे. भाव थोडा कमी असला तरी शेतकरी एखादे पीक धरून ठेवतो. काढणीला माणूसच मिळेना, तर धरून ठेवणार कसे? पूर्वी घरची माणसे पहाटे उठून हे काम उरकीत. घरातली मुले शाळा-नोकऱ्यांना लागली, आणि मजुराला इतर कामे मिळू लागली; मग काट्यात हात घालावयास कोण येणार? यावर दोन उपाय निघाले. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ सालापासून करडईवर काम करीत आली आहे. तिने २००१ साली ‘नारी-६’ हा बिनकाट्याचा वाण दिला. अशा करडईच्या पाकळ्या हाताने वेचता येतात, आणि त्या सुकवून औषधी चहासाठी विकता येतात. म्हणजे रंगाच्या काळातला फुलांचा धंदा थोड्या निराळ्या रूपाने परत येऊ शकतो. दुसरा उपाय यंत्राचा. गहू काढणारे मोठे कंबाईन यंत्र करडईही काढते. चालक खोलीत बसलेला, काटे बाहेर. त्यांचा त्रास कोणाला होत नाही. जेथे अशी यंत्रे फिरू लागली तेथे शेतकऱ्यांनी सलग करडई पुन्हा पेरल्याची उदाहरणे मराठवाड्यात आहेत.

बिनकाट्याच्या करडईला मात्र एक उणीव आहे, ती शेतकऱ्याने चटकन ओळखली. तिचे कुंपण होत नाही. ढोरे येऊन खुशाल खातात. काटे घालविण्यात माणसाची सोय आहे खरी, पण वाळवंटात त्याच काट्यांनी या गोताचे रक्षण केले होते, हे विसरून भागत नाही. म्हणून सलग पेरावयास बिनकाट्याची आणि कडेला पेरावयास काट्याची, अशी विभागणी करणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी म्हणण्याची घाई कोणी करू नये. बोंडे राखावयाची तर काटा हवा, वेचावयाची तर नको. त्याने दोन्ही साधले.

उत्तरेकडे पोहलीची स्थिती वेगळी आहे, परंतु फार निराळी नाही. गव्हाच्या शेतात तणनाशके फवारली जातात, कोरडवाहू जमिनी ओलिताखाली आल्या, पडीक रानेही नांगरली गेली. गव्हाच्या शेतकऱ्याचे त्यात नुकसान काहीच नाही, आणि त्याने हे तण जपावे असे सांगणाऱ्याला तो हसेल. म्हणूनच रानातले बी ठिकठिकाणांहून गोळा करून, थंड कोठारात साठवून, अधूनमधून पेरून ताजे करीत राहण्याचे काम कोणीतरी करावे लागते. हैदराबादच्या संस्थेत करडईचे हजारो नमुने जतन केलेले आहेत. त्यांत बिदरच्या, बीडच्या, धाराशिवच्या बांधावरून कधी काळी आणलेले देशी वाण आहेत, तसेच ही रानटी मंडळीही आहेत. बीडच्या ज्या बांधावरून एखादा नमुना आणला असेल त्या बांधावर आज बहुधा करडई नाही.

अशी रानटी जात शेतात लावताना एक काळजी घ्यावी लागते. बोंडे पिकू लागली की ती गळण्याच्या आत वेचावी लागतात. एखादे जरी निसटले तर पुढल्या वर्षी ती नको त्या ठिकाणी उगवावयाची, आणि वाळवंटातला तिचा जुना उद्योग राजेंद्रनगरच्या मातीत सुरू व्हावयाचा. म्हणून हंगामाच्या अखेरीला, करडईच्या इतर ओळी अजून उभ्या असताना, त्या एका ओळीवर सर्वांत आधी माणसे पाठवावी लागतात. आणि तीही, मराठवाड्यातल्या जुन्या रिवाजाप्रमाणे, पहाटे दव असताना, हातांना फडकी गुंडाळून.